देवरे काका आणि दोन नॅनोमीटर

देवरे काकांच्या हातात काहीही दिलं की ते आधी तोलून बघायचे. पुस्तक असो, कुकरचं झाकण असो, नाहीतर खालच्या मजल्यावरचं नवं बाळ असो. तळहात जरा खाली जायचा, जरा वर यायचा, डोळे बारीक व्हायचे आणि मग निकाल लागायचा. त्या बाळाच्या आईला त्यांनी "मापात आहे" असं सांगितलं तेव्हा ती बिचारी रडवेली झाली होती. काकांच्या शब्दकोशात याहून मोठं कौतुक नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. लग्नातलं जेवण मापात असायचं, एखाद्याचं भाषण मापात असायचं, आणि फार क्वचित एखादा माणूस मापात निघायचा.

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या त्या सोसायटीत आम्ही राहायला आलो तेव्हा ओळख करून घ्यायला म्हणून मी समोरच्या घरी पेढ्यांचा पुडा घेऊन गेले. दार काकांनी उघडलं. पुडा हातात घेतला, तोलला आणि आत या वगैरे म्हणायच्या आधीच विचारलं, "केवढा सांगितला होतात?"

"अर्धा किलो."

"डब्याचं वजन धरून दिलाय. चला."

कुठं, हे विचारायला वेळच मिळाला नाही. चप्पल घालून ते जिना उतरायला लागले, मागोमाग मी. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्यानं काकांना लांबून बघूनच दोन्ही हात वर केले. "साहेब, तुम्ही रिटायर झालात ना?"

"मी झालो. कायदा नाही झाला."

मूठभर पेढे जास्तीचे घेऊन आम्ही परत आलो. मग काकूंनी चहा ठेवला आणि काकांनी स्वतःची ओळख करून दिली. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून सगळी नोकरी झालेली. विंचूरच्या कांदा बाजारात आपली जीप शिरली की काट्यांवरची धूळ आपोआप झटकली जायची, असं ते सांगायचे. हे सांगणारे ते स्वतःच असल्यामुळे त्यातलं किती धरायचं ते ऐकणाऱ्यानं ठरवावं. पण शोभाकाकूंकडची एक गोष्ट मात्र खरी होती, कारण ती सांगताना काका खिडकीबाहेर बघायचे. दोघांचंही गाव नामपूर. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी काका सासऱ्यांच्या किराणा दुकानात तपासणीला गेले आणि तराजू नापास करून आले. "जावई आला म्हणून आईनं पुरण घातलं होतं," काकू सांगायच्या. "ह्यांनी दुकानात पंचनामा केला आणि मागच्या दारानं जेवायला आले. वडील वाढत होते, पण बोलत नव्हते."

"जेवण चांगलं होतं," काका खिडकीकडे बघतच म्हणायचे.

मी शाळेत मराठी शिकवते म्हणून त्यांनी मला पहिल्या दिवसापासून 'बाई' केलं. एरवी त्यांचं बोलणं अगदी नाशिकच्या ऑफिसातलं, स्वच्छ आणि मुद्द्याचं. पण राग आला किंवा आनंद अनावर झाला की नामपूर वर यायचं आणि अहिराणी सुरू व्हायची. त्यामुळे समोरच्या दारातून "हाई काय शे?" म्हणजे 'हे काय आहे?' असं ऐकू आलं की आम्ही समजायचो, आज काहीतरी मापात नाही.

हे वाक्य सर्वांत जास्त वेळा ऐकू यायला लागलं ते त्यांच्या घरी स्मार्टफोन आल्यावर.

फोन पाठवला होता नीलेशनं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलानं. तो तैवानला एका चिपच्या कारखान्यात नोकरीला. फोन आला त्या दिवशी काकांनी तो अर्थातच तोलला, वजनाबद्दल समाधान व्यक्त केलं आणि चालू केला. तिथून पुढं त्यांचं आणि फोनचं एक दिवस पटलं नाही.

पहिली तक्रार बॅटरीची. पंधरा टक्के दाखवता दाखवता फोन एकदम बंद पडायचा. "पोत्यात पंधरा किलो आहेत म्हणतो आणि पोतं उलटं केलं तर रिकामं. याला काय म्हणायचं, बाई?" दुसरी तक्रार पावलं मोजण्याची. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, फोन पावलं मोजायचा, आणि काकांना तो आकडा फुगलेला वाटायचा. मग त्यांनी फोन काकूंच्या हातात दिला आणि काकूंना गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसवून झोके घ्यायला लावले. काकू झोके घेत गवार निवडत बसल्या. तासाभरानं फोननं काकूंचं अभिनंदन केलं. तो अभिनंदनाचा पडदा काकांनी सोसायटीत घरोघर नेऊन दाखवला.

पण खरा राग अपडेटचा. एका सकाळी उठून बघतात तर फोनची सगळी बटणं जागेवरून हललेली, अक्षरं बदललेली आणि कॅमेरा कुठं गेला ते कळेना. ते "हाई काय शे?" म्हणतच माझ्या दारात उभे राहिले. "आमच्या खात्यात एकदा मोहोर मारली की काट्याला हात लावणं गुन्हा होता. मालकानंसुद्धा नाही लावायचा. आणि हा? हा रात्रीतून आपल्या आपण स्वतःचा काटा बदलतो! ना विचारणं, ना सांगणं!"

"तुम्ही कुठंतरी 'ठीक आहे' दाबलं असेल, काका."

"मी आयुष्यात कधी न वाचता 'ठीक आहे' म्हटलं नाही," काका म्हणाले. ते खरं असावं.

मग फोनची जागा भरली. एकशेअठ्ठावीस जीबीचा फोन, आणि त्यात तेवढी जागाच नाही, असं त्यांना आढळून आलं. आता मात्र केस पक्की झाली होती. पाटीवर एक, आत एक. काका मला साक्षीदार म्हणून घेऊन मोबाइलच्या दुकानात गेले. काउंटरवर अंजुम नावाची तरुण मुलगी होती. काकांनी तिला कायद्याचं कलम सांगितलं, मग मालाचं वजन आणि पाटीवरचं वजन यातला फरक सांगितला, आणि शेवटी मालकाला बोलवायला सांगितलं. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. अंजुमनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, तुमचा फ्लॅट केवढा आहे?"

"साडेआठशे."

"बिल्टअप की कार्पेट?"

काकांनी माझ्याकडे बघितलं.

"भिंती, जिना, पॅसेज यांची जागा धरूनच तुम्ही घेतला ना? फोनचंपण तसंच आहे. त्याच्या स्वतःच्या भिंती असतात आत. सिस्टीमची जागा. आणि कंपनी हजारानं मोजते, फोन एक हजार चोवीसनं मोजतो. म्हणून आकडा अजून कमी दिसतो."

एक हजार चोवीसचा हिशेब काकांनी तिच्याकडून कागदावर करून घेतला, दोनदा तपासला आणि मान हलवली. हरल्यावर गप्प बसणाऱ्यांतले ते नव्हते, पण हरलो हे कबूल करणाऱ्यांतले होते. "मान्य. पण गिऱ्हाइकाला आधी सांगायला पाहिजे." मग त्यांनी तिथंच उभं राहून मजकूर सांगितला, मला शुद्धलेखन तपासायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या दुकानात पाटी लागली: 'फोनमधील जागेत सिस्टीमची जागा धरलेली आहे.' ती पाटी बरेच दिवस होती. लोक फोटो काढायचे. काका मात्र अंजुमचे भक्त झाले. "मुलगी मापात आहे," असं त्यांनी वाटेतच जाहीर केलं.

फोनशी वैर असलं तरी फोनच्या पोटातल्या चिपशी नव्हतं, कारण ती नीलेशची होती. "माझा मुलगा चिप बनवतो," हे वाक्य ते रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर कोणाला ना कोणाला सांगायचे. नीलेशनं त्यांना एकदा सांगितलं होतं की तो आता दोन नॅनोमीटरवर काम करतो. झालं. चिपच्या जगातली शर्यत हा काकांचा विषय झाला. ट्रॅकच्या कडेच्या बाकावर ते बसायचे आणि चालून दमलेली मंडळी भोवती जमायची. कोरिया मागे पडला, पण त्याला कमी लेखू नका. अमेरिकेनं पैसा ओतलाय, पण हाताला वळण असलेली माणसं आणणार कुठून? जपान झोपला होता, आता तोंड धुऊन उठलाय. चीनला यंत्रं देत नाहीत, म्हणून तो स्वतःच बनवायला बसलाय. आणि सगळ्यांच्या पुढं तैवान, म्हणजे नीलेश.

"मग काका, असा कारखाना आपल्या अंबडच्या एमआयडीसीत का नाही येत?" कोणीतरी विचारायचं.

"आपल्याकडे लाइट जाते. तिथं एक क्षण गेली तरी महिन्यांची मेहनत कचऱ्यात. आपण आत्ता कुठं शेजारच्या राज्यात चिपच्या पॅकिंगला लागलोय. लागू दे. सुरुवात पॅकिंगनंच होते."

नॅनोमीटर म्हणजे केवढं, हे समजावायला ते स्वतःच्या डोक्यावरचा एक केस उपटायचे. मुळात शिल्लक कमी, तरी उपटायचे. "ह्या एका केसाची जाडी ऐंशी हजार ते लाखभर नॅनोमीटर. आणि पोरगा काम करतो दोनवर! दोन!" मंडळी तो केस आळीपाळीनं बघायची. काका इतके खूश मी नंतर फार कमी वेळा पाहिले.

मग एके दिवशी अंजुमच्या दुकानात नव्या फोनची जाहिरात लागली. 'तीन नॅनोमीटरची चिप'. काकांनी सहज विचारलं, "यातला कुठला भाग तीन नॅनोमीटर असतो गं?" तिला माहीत नव्हतं. तिनं फोनवर शोधलं, वाचलं, पुन्हा वाचलं आणि जरा घाबरतच म्हणाली, "काका, इथं म्हणतात की कुठलाच नाही. पूर्वी कधीतरी ते खरं माप होतं. आता नुसतं नाव आहे."

त्या संध्याकाळी मी समोरच होते. फोनची भाषा आपोआप बदलली म्हणून काकूंनी मला बोलावलं होतं. काका आले, चप्पल काढली आणि नीलेशला फोन लावला. ते नेहमी स्पीकरवरच बोलायचे. कानाला लावला की फोन अर्धं वाक्य गिळतो, असं त्यांचं मत होतं.

"नीलेश, एकच विचारतो. तुमच्या चिपमध्ये दोन नॅनोमीटर काय आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे लांबी, रुंदी, जाडी. काय?"

पलीकडून हसू आलं. "तसं काही नसतं बाबा. ते पिढीचं नाव आहे. आधीच्यापेक्षा लहान, जास्त चांगलं, एवढंच."

"मग पिढी म्हणा. नॅनोमीटर का म्हणता?"

"सगळेच म्हणतात. शर्यत आहे ती. कोरियावाला दोन म्हणतो, मग आम्ही पाच म्हणायचं का?"

"म्हणजे शेजारचा डबा धरून तोलतो, म्हणून आपणही तोलायचा?"

"बाबा, तुम्ही..."

"मी चारचौघांत केस उपटून दाखवला रे! मी लोकांना माप सांगितलं!"

नीलेश दिवसभराचा दमलेला असावा. त्याचा आवाज चढला. "तुम्ही आयुष्यभर कांद्याच्या काट्यावर किलोची वजनं ठेवलीत, बाबा. आम्ही काय करतो ते तुम्हाला नाही कळायचं!"

काकूंनी डोळ्यांनीच मला बसून राहायला सांगितलं. काकांनी फोन बंद केला आणि तो टेबलावर अगदी हळू ठेवला, आपटला नाही. मग ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. अहिराणीतलं एक अक्षरही त्यांच्या तोंडून आलं नाही, आणि त्यामुळेच मला भीती वाटली.

उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. नीलेशचा फोन यायचा, काकू आतल्या खोलीत जाऊन बोलायच्या आणि बाहेर येऊन भिंतीला सांगितल्यासारखं मोठ्यानं सांगायच्या, "तिकडं पाऊस फार आहे म्हणे." काका पेपर वाचत असायचे. मी एकदा बघितलं, पेपरचं पान बराच वेळ उलटलंच नव्हतं. ट्रॅकवर कोणी चिपचं विचारलं तर ते म्हणायचे, "माहीत नाही बुवा," आणि द्राक्षांच्या छाटणीवर बोलायला लागायचे.

दिवाळीला नीलेश आला. काकूंनी मला फराळाला बोलावलं, खरं तर मधे कोणीतरी बसावं म्हणून. नीलेश चांगला मुलगा होता. बापासारखाच उंच आणि तसाच ताठ मानेचा. दोघं एकाच सोफ्यावर दोन टोकांना बसले होते आणि मधल्या जागेत चिवड्याचं ताट होतं. दोघंही त्या ताटाशीच बोलत होते.

तेवढ्यात नीलेशचा फोन वाजला. तो गॅलरीत गेला. दार उघडंच होतं. तो इंग्रजीत बोलत होता, आधी हळू, मग जरा मोठ्यानं, मग फारच मोठ्यानं. नाही, मी सोडणार नाही. पुन्हा मोजा. गिऱ्हाईक थांबलंय ते मला माहीत आहे. मापात नाही म्हणजे नाही. माझ्या नावावर ते पुढं जाणार नाही, दुसऱ्या कोणाच्या नावावर पाठवायचं असेल तर तसं मला लेखी कळवा.

माझ्या शेजारी काका हळूहळू सरळ होत गेले. हातातली चकली तशीच राहिली.

नीलेश आत आला, चेहरा लाल. काकांनी त्याच्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"कोण होता?"

"साहेब."

"काय म्हणतो?"

"एक लॉट अडवून आलोय मी सुटीवर येताना. तो सोडा म्हणतो. सगळ्यांना घाई आहे."

"का अडवलास?"

"मापात नाही."

काकांनी चकली ताटात ठेवली. "तू तिथं करतोस काय नक्की?"

"मोजतो," नीलेश म्हणाला. "चिप दुसरे बनवतात. एक एक थर चढतो, त्याची जाडी, रेघांची रुंदी, सगळं आम्ही मोजतो. बसत नसेल तर पुढं जाऊ देत नाही."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलंच नाही, बाबा. तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात, चिप बनवतो, चिप बनवतो."

"खात्याचं नाव काय तुझ्या?"

"मेट्रॉलॉजी."

काकांच्या ऑफिसच्या दारावर मराठीत 'वैधमापन' आणि खाली इंग्रजीत 'लीगल मेट्रॉलॉजी' असं होतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की काका उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि आत तोंड करून म्हणाले, "ऐकलंस का गं? पोरगा आपल्याच खात्यात लागलाय!"

आतून झारा पडल्याचा आवाज आला.

काका परत येऊन बसले. या वेळी सोफ्याच्या टोकाला नाही. "दबाव आणतात?"

"आणतात."

"आणणारच. विंचूरला माझ्या जीपच्या टायरमधली हवा सोडायचे." मग म्हणाले, "पण ते दोन नॅनोमीटर खोटंच."

"खोटंच," नीलेश म्हणाला. "ते जाहिरातवाले ठरवतात. आम्हाला विचारत नाहीत."

"हां. मग ठीक."

"बाबा, त्या दिवशी मी ते किलोची वजनं वगैरे जे बोललो..."

"चिवडा घे," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅकवरच्या बाकावर काकांनी मंडळींपुढं जाहीर दुरुस्ती केली. दोन नॅनोमीटर हे माप नाही, नाव आहे, मी चुकीचं सांगितलं होतं. माझा मुलगा चिप बनवत नाही, तो मोजतो. मंडळींना फरक फारसा कळला नाही. एकानं विचारलं, "म्हणजे नोकरी तीच आहे ना?"

"त्याहून मोठी," काका म्हणाले.

पुढच्या वर्षी नीलेशनं दोघांना तैवानला नेलं, काही महिन्यांसाठी. निघताना काकांनी बॅगा हातानं तोलून वजनं सांगितली. विमानतळावरून मला संदेश आला: 'इथला काटा बरोबर आहे.' तिकडं ते रमले. भाषा येत नसताना शेजाऱ्यांशी मैत्री केली, कशी ते काकूंनाही कळलं नाही. परतीचं तिकीट दोघांचं काढलेलं होतं. ते एकट्या काकूंनी वापरलं. काका तिकडंच एका पहाटे झोपेत गेले. काहीच त्रास झाला नाही, काकू म्हणाल्या, आदल्या दिवशी तर भरपूर फिरलो होतो. आता त्या नामपूरला भावाकडे असतात.

मला काका शेवटचे दिसले ते जाण्याच्या पंधरवडाभर आधी, व्हिडिओ कॉलवर. मी संध्याकाळी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. फोन उचलला तर पडद्यावर काकांचा अर्धा चेहरा, मागं रुंद रस्ता आणि एक भलंमोठं फाटक.

"बाई, नीलेशच्या कारखान्यासमोर उभे आहोत. आत फोन नेऊ देत नाहीत. फार छान नियम आहे. म्हणून आम्ही बाहेर. शिफ्ट सुटतेय, बघा!"

त्यांनी फोन वळवला. फाटकातून स्कूटरींचा लोंढा बाहेर पडत होता. सगळ्यांच्या डोक्याला हेल्मेट, सगळ्यांच्या तोंडाला मास्क.

"सातपूरला शिफ्ट सुटते तसंच की नाही? आता सांगा, यातला आपला कोणता?"

"कसं ओळखू काका? सगळे सारखेच दिसतात."

"थांबा, दाखवतो." त्यांनी फोन पुन्हा स्वतःकडे वळवला, हात वर केला, आणि चित्र गोठलं. तोंड उघडं, हात वर, मागं सगळे राखाडी फराटे. आवाज मात्र येत होता.

"आला! आला! अहो, तिकडं बघा, निळं हेल्मेट! शोभा, हात कर त्याला! बाई, दिसना का? तो बघा, तो, तो मना पोऱ्या शे!"

माझ्या पडद्यावर काही हलत नव्हतं. काकांचा उंचावलेला हात होता आणि हाताच्या पलीकडे काहीच नव्हतं.

"बाई? दिसतोय का?"

"दिसतोय, काका," मी म्हणाले. "अगदी स्वच्छ दिसतोय."